गोळा 4 किलोचाच राहतो

पत्र :

ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 21, उंची 158 सें.मी. पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे रोडवर 5 किलोमीटर पळते, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गोळा. मोबाइलवर एक डाएट चार्ट आला होता, तो पाहून पोळी-भात कमी केला. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी एक पोळी आणि भाजी, परत चहा, रात्री दीड भाकर आणि पातळ वरण. तीन महिन्यांत वजन 57 वरून 51 झालं. सगळे म्हणतात, मस्त बारीक झाली. पण 800 मीटर पहिल्यापेक्षा सावकाश जाते आणि गोळा दर आठवड्याला मागे मागे पडतो. तालुक्याच्या जिममधल्या मशीनवर उभी राहिली तर चरबी 29 टक्के दाखवली आणि मसल कमी. भावाच्या जिमचे सर म्हणतात, किलोमागे 2 ग्रॅम प्रोटीन पाहिजे, डब्बा घे, माझ्याकडंच आहे. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, दोन्ही एकादश्या असतात. बाबा म्हणतात, "पोरीच्या जातीनं असे डब्बे खाल्ले त पोराच्यावानी अंग होईन." आई म्हणते, "प्रोटीननं किडनी जाते, मामाचं पाह्यलं नाही काय तू?" मामा दर्यापूरकडचे, त्यांचं डायलिसिस चालू आहे. डब्बा घेऊ का नको? दोन महिन्यांपासून पाळी आली नाही, पण ते पळण्यामुळं असेल.

– एक वाचक

उत्तर :

तू जी ओळ सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलीस, तिथूनच सुरू करते. दोन महिने पाळी नाही, हे घरात आईला सांग आणि याच आठवड्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. "पळण्यामुळं असेल" हा तुझा अंदाज अर्धा बरोबर आहे. नुसत्या पळण्यानं पाळी जात नाही. पळणं चालू आणि खाणं बंद, असं झालं की जाते. शरीराकडे रोजच्या हालचालीपुरतं इंधन उरलं नाही की ते आधी पाळीचा खर्च कापतं, मग हाडांचा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 साली खेळाडूंच्या या अवस्थेवर सविस्तर लिहिलं होतं, कारण मोठमोठ्या धावपटू मुलींमध्ये ती दिसत होती आणि सगळे तिला शिस्त समजून कौतुक करत होते. तुझ्या नडगीत एका ठरावीक जागी बोट ठेवलं की दुखतं का, तेही पाहा आणि डॉक्टरांना सांग. थायरॉइडसारखी दुसरी कारणंही असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय माझ्या शब्दावर राहू नको. त्याच वेळी हिमोग्लोबिन करून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. रक्त कमी असलं तर 800 मीटरच्या दुसऱ्या फेरीला पाय जड होतात, आणि ते कोणत्याही डब्ब्यानं सुटत नाही.

आता खाण्याकडे येऊ. तू लिहिलेलं सगळं मी ग्रॅममध्ये मांडून पाहिलं. दोन चहा, टोस्ट, एक पोळी, भाजी, दीड भाकर, पातळ वरण. दिवसाला 25-30 ग्रॅम प्रथिनं होतात, आणि ऊर्जा हजार किलोकॅलरीच्या आतच राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये दिलेला हिशेब बघ. 55 किलोच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला 2130 किलोकॅलरी लागतात आणि वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे व्यायाम न करणाऱ्या, 51 किलोच्या बाईलाही 42 ग्रॅम हवीत. तू 5 किलोमीटर पळून, गोळा फेकून त्यापेक्षा कमी खातेस.

अशा वेळी शरीर काय करतं? चुलीतली लाकडं संपली की घराचे वासे काढून जाळायला लागावं, तसं. चरबी जळतेच, पण तिच्यासोबत मांडीचा, खांद्याचा, पाठीचा स्नायूही तोडून वापरला जातो. खाण्यात प्रथिनं कमी आणि वजन उचलण्याचा व्यायाम नाही, म्हटल्यावर ते तोडणं आणखी सोपं. तुझे 6 किलो गेले त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. पण गोळ्यानं सांगितलंय. भरतीत मुलींचा गोळा 4 किलोचा असतो. तू बारीक झालीस म्हणून तो हलका होत नाही, आणि त्याला ढकलणारं अंगच तू कमी केलंस. मैदानी परीक्षेचे गुण 50 : 800 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. वजनकाट्याला एकही नाही. खरं सांगू का, 158 उंचीला 57 किलो हे वजन जास्त नव्हतंच. ज्यानं तो चार्ट पाठवला त्यानं ना तुझी उंची विचारली, ना तू दिवसभर काय करतेस ते.

त्या मशीनबद्दल. तळपायातून, काही मशीनमध्ये हातातूनही, अगदी बारीक वीजप्रवाह सोडतात. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडतो. त्या अडथळ्यावरून अंगात पाणी किती याचा अंदाज आणि त्यावरून गणितानं चरबी आणि स्नायू. म्हणजे चरबी कोणी मोजत नाही, हिशेबानं काढतात. घामाघूम होऊन, पाणी न पिता उभी राहिलीस तर चरबी जास्त दिसेल. पोटभर पाणी पिऊन उभी राहिलीस, पाळीच्या आधीचे दिवस असले, तर आकडा वेगळाच येईल. आज 29 आणि परवा 26 आले तर त्याचा आनंदही मानू नको. शिवाय 29 टक्के ऐकून घाबरण्यासारखं काहीच नाही. मुलींच्या अंगात मुलांपेक्षा जास्त चरबी असते आणि असायला हवी, भावाच्या आकड्याशी तुलना करूच नको. मशीनवर जायचंच असेल तर दोन महिन्यांतून एकदा, सकाळी उपाशी पोटी, त्याच मशीनवर. नाहीतर शिंप्याचा टेप घे, कंबर आणि मांडी मोज, आणि मैदानावर गोळा पडला तिथं चुन्याची खूण कर. मला विचारशील तर ती खूण मशीनपेक्षा जास्त खरी.

आता जिमच्या सरांचे 2 ग्रॅम. हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही, फक्त वरच्या टोकाचा आहे. 2018 मध्ये 49 प्रयोग आणि 1863 माणसं एकत्र धरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांनी जास्त प्रथिनं खाल्ल्यानं स्नायू किती वाढतात, हा त्याचा प्रश्न. फायदा किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत वाढत गेला, त्यापुढे फारसा दिसला नाही. आणि त्यातली दुसरी गोष्ट डब्बा विकणारे कधी सांगत नाहीत : जादा प्रथिनांमुळे मिळालेली स्नायूंची भर सरासरी 300 ग्रॅमच्या आसपास होती. बाकी सगळं काम व्यायामानं केलं होतं. पण हे ज्यांचं पोट आधीच भरत होतं त्यांचं. तुझा प्रश्न थोडं जास्त घ्यावं का, हा नाहीच. तुला साधी भरपाई करायची आहे. म्हणून तुझ्यासाठी मी दिवसाला 70 ते 80 ग्रॅम धरते. त्याहून वर जायची गरज नाही.

बाबांच्या शंकेचं उत्तरही प्रयोगातच आहे. 2018 सालीच अमेरिकेत वजनाचा व्यायाम करणाऱ्या 17 तरुण मुलींचे दोन गट केले. व्यायाम सारखा, आठ आठवडे. एका गटानं किलोमागे 0.9 ग्रॅम प्रथिनं खाल्ली, दुसऱ्यानं 2.5. जास्त खाणाऱ्या मुलींचं चरबीविरहित वजन सुमारे 2.1 किलो वाढलं, कमी खाणाऱ्यांचं 0.6 किलो. आणि जास्त प्रथिनं खाऊनही त्या मुलींची चरबी वाढली नाही, थोडी उतरलीच. आठ आठवडे घाम गाळून दोन किलो, तेही पुऱ्या अंगावर वाटलेले. पुरुषी अंग हे पुरुषी संप्रेरकाचं काम असतं आणि ते मुलींमध्ये कितीतरी पट कमी असतं. बाबांना म्हणावं, तूर खाऊन कोणाला मिशा फुटल्या नाहीत, आपल्याकडं तर पिढ्यान्‌पिढ्या बायका तुरीचं वरण खाऊन निंदायला जातात. (वरण पातळ आणि तेही सगळ्यात शेवटी उरलेलं, हा भाग वेगळा.)

आईच्या भीतीला मात्र मी हसणार नाही. दर्यापूरकडचा भाग म्हणजे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. तिथल्या गावांत मूत्रपिंडाच्या तक्रारी इतक्या ऐकू येतात की घरोघरी ही धास्ती आहे. मामांना डॉक्टरांनी कधीकाळी डाळ, प्रथिनं मोजून खायला सांगितली असतील. बिघडलेल्या मूत्रपिंडाला ते गाळण्याचं काम जड जातं, म्हणून तो सल्ला योग्यच. पण त्यावरून डाळीनं मूत्रपिंड बिघडलं असं होत नाही. साखर आणि रक्तदाब ही मोठी कारणं, आणि गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखणं मारायच्या गोळ्या हे तिसरं, ज्याकडे खेड्यात कोणी पाहत नाही. धडधाकट माणसानं किलोमागे दीड ग्रॅम खाल्ल्यानं मूत्रपिंडाला अपाय झाल्याचं प्रयोगांत दिसलेलं नाही. तरी घरात आजार आहे, तर हिमोग्लोबिनच्या रक्तातच क्रिएटिनिनही तपासून घे, मूत्रपिंड नीट गाळतं का ते त्यावरून कळतं. आकडा आईला दाखव, तिचाही जीव खाली पडेल.

मग 75 ग्रॅम आणायचे कुठून, तेही अंड्याशिवाय? इथं मला थोडा राग येतो, तुझ्यावर नाही. तुमच्या शेतात सोयाबीन असेलच, तुरीचं तासही असेल. सोयाबीनच्या 100 ग्रॅममध्ये 36 ते 38 ग्रॅम प्रथिनं असतात, आपल्या रानात पिकणाऱ्या कोणत्याच दाण्यात एवढी नाहीत. आपण ते पोत्यात भरून बाजार समितीत नेतो, गिरणी तेल काढते, उरलेली प्रथिनांची ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आणि सोयाबीन पिकवणाऱ्याची पोरगी गावात येऊन डब्ब्याचा भाव विचारते.

तर घरातलं एक-दोन पायली सोयाबीन यंदा बाजूला ठेवायला सांग. दोन गोष्टी पाळायच्या. पेरणीचं उरलेलं, औषध लावलेलं बियाणं चुकूनही नको, धुऊनही नको. आणि कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं मोडतात. दाणे 20-25 मिनिटं चांगले उकळायचे, उन्हात कडक वाळवायचे, मग 9 किलो गव्हात 1 किलो या हिशेबानं चक्कीवर द्यायचे. पोळीची चव फारशी बदलत नाही, पोटही धरत नाही. सोयाबीननं मुलांचं पुरुषत्व कमी होतं म्हणून भाऊ नाक मुरडेल. त्यावरही बरेच प्रयोग झालेत, पुरुषांच्या संप्रेरकावर परिणाम दिसला नाही. त्यालाही त्याच पिठाची पोळी वाढ.

दिवस असा लाव. पळून आल्यावर चहा-टोस्टच्या जागी एक गिलास दूध आणि मूठभर फुटाणे-गूळ; इथंच 13 ग्रॅम होतात, तुझ्या आत्ताच्या दिवसाच्या जवळपास निम्मे. जेवणात त्या पिठाच्या तीन पोळ्या आणि घट्ट वरण. घट्ट म्हणजे तुझ्या एकटीच्या वाट्याला दीड मूठ कोरडी डाळ आली पाहिजे, 40 ग्रॅम. पाण्याला फोडणी दिलेलं वरण कितीही वाट्या प्यायलीस तरी हिशेबात येत नाही. दुपारी मोड आलेली मटकी किंवा मूग, वरून कांदा-सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही. कडधान्यातलं लोह त्यानं अंगी लागतं. आणि जेवणाला चिकटून चहा नको, तो ते लोह अडवतो. मैदानावर जायच्या आधी किंवा आल्यावर शेंगदाणे मूठभर, एक वाटी दही. रात्री दोन भाकरी आणि 30 ग्रॅम सोयावडीचा रस्सा. वडीचं निम्मं वजन प्रथिनंच असतं, त्यामुळे या एका भाजीत 15 ग्रॅम. सगळं मिळून 75-80 ग्रॅम भरतात आणि ऊर्जा 2000 च्या घरात जाते.

रोज सोयावडी कोणी खाणार नाही, मलाही ठाऊक आहे. मग गोळाभात कर, कढीगोळे कर, डाळ-कांदा, झुणका, पातोडीचा रस्सा. आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकात हरभऱ्याच्या डाळीचं इतकं काही आहे की प्रथिनांसाठी परक्या पदार्थाकडं जायची गरज पडत नाही. गोळाभातात फक्त गोळे वाढव आणि भातावरचं तेल थोडं आवर. भाकरीसोबत डाळ का, तर ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक फार कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी ते ज्वारीत सापडतं. एकाच घासात पाहिजे असं नाही, एका दिवसात पुरे. शाकाहारानं स्नायू होत नाहीत, हेही जिममधलंच बोलणं. ब्राझीलमध्ये दूधही न घेणाऱ्या तरुणांना आणि मांस खाणाऱ्यांना सारखाच व्यायाम आणि किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं देऊन 12 आठवडे पाहिलं, 2021 साली ते छापून आलं. दोन्हीकडे स्नायू सारखेच वाढले. त्यांनी सोयाच्या प्रथिनांची भुकटी वापरली होती, तुझ्याकडे त्याच दाण्याची वडी आहे आणि वर दूधही.

डब्ब्याचं आता थोडक्यात. त्यात बहुतेक वेळा दुधाच्या निवळीतून काढून वाळवलेली प्रथिनं असतात, एका मापात साधारण 24 ग्रॅम. ते विष नाही. पण राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहारसूत्रांत शरीर कमवायला अशा पावडरी टाळा असंच सांगितलंय, आणि तुझ्या बाबतीत माझंही तेच मत. तुझ्यात ऊर्जाच कमी आहे. पोळी न खाता पावडर घेतलीस तर शरीर ती महागडी प्रथिनंही सरपणासारखी जाळून टाकेल. भाऊ घेणारच असेल तर सीलबंद, पक्कं बिल, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक पाहून घेऊ दे, आणि ज्यावर 'गेनर' लिहिलंय तो नको, त्यात बहुतांश साखरेचेच प्रकार असतात. व्यायाम शिकवणाराच डब्बा विकत असेल तर त्याच्या सल्ल्यात किती त्याचा धंदा आहे, हे भावानं स्वतः ठरवावं.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. रोज 5 किलोमीटर पळून स्नायू परत येणार नाहीत. पाळी सुरळीत होईपर्यंत पळणं आठवड्यातून तीन दिवसांवर आण आणि डॉक्टर हो म्हणाले की दोन-तीन दिवस जोर, बैठका, खांद्यावर धान्याचं छोटं पोतं घेऊन पायऱ्या, असं जड काम कर. जिमची फी नसली तरी चालतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, तेव्हा कोणत्या गावात लोखंडी मशीन होती? बैठका जमायला लागल्या की दर आठवड्याला थोड्या वाढव, अंगाला आधीपेक्षा जड पडलं पाहिजे. वजन 53-54 वर गेलं तर घाबरून पुन्हा पोळी सोडू नको. गावातल्या बाया "परत भरली वं" म्हणतील. म्हणू दे.

राहिली एकादशी. ती मोडायला मी सांगणार नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, म्हणून त्या दिवशी खिचडीऐवजी भगर आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, दोन वेळा दूध, वाटीभर दही, शेंगदाण्याचे लाडू. एवढ्यात 40 ग्रॅमच्या वर जाता येतं. गोळ्याचा आणि बैठकांचा जड सराव त्या दिवशी ठेवू नको, द्वादशीला पारणं फिटल्यावर संध्याकाळी ठेव. आणि आषाढी-कार्तिकीला घरात कडक निर्जळी असेल, तर पाळी परत सुरू होईपर्यंत तू ती धरू नको, हे आईला मी सांगितलं म्हणून सांग.